पियानोच्या मास्टरक्लासला पहिल्यांदा जाताना: पेटी आणि कीबोर्डवर शिकलेल्या मुलांसाठी

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या तालुक्याच्या गावांत कीबोर्ड शिकणारी मुलं आता सहज भेटतात. कुणाची सुरुवात भजनी मंडळाच्या पेटीवर झालेली असते, कुणी रविवारी चर्चमध्ये साथ करतं, कुणी मोबाइलवर बघून बघून बोटं बसवलेली असतात. अशा मुलाच्या घरी निरोप येतो, की मोठे पियानोवादक येणार आहेत, मास्टरक्लास आहे, नाव द्यायचं का? त्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: “आपल्या पोराले जमन का हे?”

जमतं. फक्त त्याची तयारी परीक्षेच्या किंवा गॅदरिंगच्या तयारीपेक्षा वेगळी असते आणि ती आधी कुणी सांगत नाही. मी गावात संगीत शिकवते, अशा वर्गांना मुलं घेऊन जाते, म्हणून ती इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे काय असतं ते

स्टेजवर पियानो असतो, शेजारी पाहुणे वादक. एकेक विद्यार्थी येतो, आपली रचना वाजवतो आणि मग पाहुणे त्याच रचनेवर त्याच्याकडून वीस मिनिटं ते अर्धा तास काम करून घेतात. समोर बाकीचे विद्यार्थी, शिक्षक, पालक बसलेले असतात आणि ते हे सगळं ऐकतात. गुण नाहीत, नंबर नाही.

ही पद्धत रुळवली फ्रान्झ लिस्ट या मोठ्या पियानोवादक-संगीतकारानं. १८६९पासून १८८६मध्ये त्याचं निधन होईपर्यंत तो दरवर्षी काही महिने जर्मनीतल्या वायमारला राहायचा आणि दुपारी घरी विद्यार्थी जमवायचा. ज्यांना वाजवायचं ते आपापली नोटेशनं पियानोवर ठेवत, लिस्ट त्यातलं एक उचले आणि ते ज्याचं असेल त्यानं सगळ्यांसमोर वाजवायचं. फी तो घेत नसे. एकाला सांगितलेलं सगळ्यांनी ऐकायचं, हा त्या दुपारींचा गाभा होता आणि आजही मास्टरक्लास त्यावरच चालतो. म्हणून तुमच्या मुलाला वाजवायची संधी मिळाली नाही तरी त्याला ऐकायला जरूर न्या.

कोणती रचना न्यायची

इथेच निम्मा वर्ग जिंकता किंवा हरता येतो. घरोघरी इच्छा असते की मोठ्या माणसासमोर मोठं काहीतरी वाजवावं. मग दोन महिन्यांत घाईनं बसवलेली अवघड रचना घेऊन मूल जातं आणि त्याची वीस मिनिटं चुकलेले सूर दुरुस्त करण्यात संपतात. चुकलेले सूर दुरुस्त करायला आम्ही गावातले शिक्षक आहोतच. पाहुण्यांचं खरं काम सूर बिनचूक झाल्यानंतर सुरू होतं. म्हणून सोपी न्या, पण पूर्ण मुरलेली न्या. मुलाला ती झोपेतून उठवून वाजवायला सांगितली तरी आली पाहिजे.

पहिल्या खेपेला मी मुलांना बहुतेक वेळा जी मेजरमधला छोटा मिन्युएट, म्हणजे एका जुन्या नाचाची रचना, देते. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखनं पत्नी आना माग्दालेनासाठी १७२५मध्ये सुरू केलेल्या वहीत तो आहे. म्हणून कैक वर्षं तो बाखच्या नावावर खपला. प्रत्यक्षात तो ख्रिस्तियान पेत्सोल्ट या ऑर्गनवादकाचा आहे. थोडं पुढे गेलेल्या मुलांसाठी क्लेमेंटी या संगीतकाराची ओपस ३६ या संचातली पहिली सोनाटिना (छोटी पियानोरचना) उत्तम. ती १७९७ची आहे. त्या काळातल्या बऱ्याच पियानोंना पाचच सप्तकं होती. म्हणजे ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकणाऱ्या मुलानं कमीपणा मानायचं काहीच कारण नाही. मोझार्टच्या घरचा पियानोही पाच सप्तकांचाच होता.

सिनेमातलं गाणं किंवा भजन वाजवायचं असेल तर आयोजकांना आधी विचारा. काही पाहुणे आनंदानं ऐकतात, काहींना लिहिलेल्या नोटेशनवरच काम करायचं असतं.

नोटेशनच्या दोन प्रती न्या, एक पाहुण्यांसाठी आणि एक स्वतःची. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या घराचा) क्रमांक पेन्सिलीनं लिहून ठेवा. “बाराव्या बारपासून घे” म्हटल्यावर मोजत बसावं लागलं की मूल गोंधळतं. व्हिडिओतल्या पडणाऱ्या रंगीत पट्ट्या बघून शिकलेल्यांकडे नोटेशनच नसतं. त्यांनी आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून जुन्या रचनांचं नोटेशन फुकट उतरवून घ्यावं आणि निदान महिनाभर त्यावर बोट ठेवून वाजवावं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण आजपासून बंद. आपल्याकडे मुलं सगळं पांढरी एकमध्ये वाजवतात आणि बटणानं सूर काळी दोनला किंवा काळी चारला नेतात. पियानोला असं बटण नसतं. मिन्युएटचा सा पांढरी पाच आहे, तर तो पांढरी पाचवरूनच शिकायचा आणि नी काळी तीनवर लागतो हे बोटांना ठाऊक हवं. आपोआप वाजणारा ताल आणि साथही बंद.

पेटीवरून पियानोवर

पेटीवर शिकलेल्या मुलांकडे पाहुण्यांना हेवा वाटावा असं एक धन असतं. त्यांचा कान तयार असतो. एकदा ऐकलेली चाल त्यांच्या हातात येते. पण पेटीच्या काही सवयी पियानोवर आडव्या येतात आणि त्या आधीच ओळखलेल्या बऱ्या.

पेटीत आवाजाचं लहानमोठेपण भात्यातून येतं. पट्टी कशीही दाबली तरी सूर तेवढाच लागतो आणि हवा आहे तोवर टिकतो. पियानोत सगळं बोटावर आहे. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती जेमतेम हलायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं. पट्टी खाली जाताना आत हातोडी तारेकडे झेपावते, तारेच्या अगदी जवळ आल्यावर ती पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर मिळालेल्या वेगावर कापते. म्हणजे पट्टी किती वेगानं खाली गेली यावर आवाज ठरून गेला. त्यानंतर पट्टी दाबून धरली, घासली, बोट हलवलं, काही उपयोग नाही. आणि सूर लागल्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीवरून आलेलं मूल लांब सूर आला की पट्टी जिवाच्या आकांतानं दाबून धरतं, मनगट ताठ करतं. त्याला हे आतलं यंत्र एकदा दाखवा. नागपूरला कुणाकडे जुना अप्राइट (कपाटासारखा उभा) पियानो असेल तर त्याचं वरचं झाकण उघडून हातोड्या हलताना दाखवा. तासभर समजावण्यापेक्षा ते बघणं कामी येतं.

दुसरं म्हणजे डावा हात. तो भात्यावर वाढलेला असतो, त्याची करंगळी आणि शेजारचं बोट पट्टीवर चाललेलंच नसतं. रोज दहा मिनिटं फक्त डावा हात, अगदी हळू, आणि तोही गात गात. याला पर्याय नाही.

बसण्याची गोष्टही वेगळी. पेटीला मांडी घालून बसायची सवय असते, पियानोला बाकाच्या पुढच्या अर्ध्यावर बसायचं आणि कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे. लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळत्या पायांनी पाठीला आधार मिळत नाही. घरून एक लाकडी पाट सोबत घ्या. मी प्रत्येक वेळी नेते.

शक्य असेल तर वर्गाच्या आधी एकदा तरी खऱ्या पियानोवर किंवा जड पट्ट्यांच्या ८८ पट्टीच्या डिजिटल पियानोवर मुलाला बसवा. हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून थेट तिथे गेलं की पहिली दोन मिनिटं निम्मे सूर लागतच नाहीत आणि मूल घाबरतं.

आधीचे पंधरा दिवस

रचना पहिल्या बारपासून शेवटापर्यंत वाजवण्याची सवय आता मोडायची. पाहुणे मधूनच कुठूनही सुरू करायला सांगणार. घरात कुणीही एक आकडा सांगावा आणि मुलानं त्या बारपासून सुरू करावं, हा खेळ रोज खेळा. आजीनं आकडा सांगितला तर आणखी छान.

एकच ओळ तीन तऱ्हांनी वाजवून बघा: अगदी हळू आवाजात, मोठ्या आवाजात, आणि हळूपासून मोठ्याकडे नेत. वाजवायची एकच तऱ्हा हातात घट्ट बसलेली असली तर वर्गात “वेगळं करून बघ” म्हटल्यावर हात ऐकत नाही. मास्टरक्लासमध्ये सगळ्यात जास्त कमावतं ते तिथल्या तिथे बदल करून बघणारं मूल. सफाईदार वाजवणारं मूल नेहमी तेच असतं असं नाही.

आणि माणसांसमोर वाजवा. शाळेच्या परिपाठाला, शेजाऱ्यांच्या ओसरीवर, भजनाच्या आधी मंडळी जमत असताना. आमच्याकडे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला माणसं जमतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ही रीत विदर्भातल्या गावागावांत आहे. प्रार्थना संपल्यावर पाच मिनिटं मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

त्या दिवशी

सकाळची पहिली एसटी गाठायची असते, म्हणून आदल्या रात्रीच नखं कापा. पट्टीवर नख टकटक वाजता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत वेचणी चालू असते. घरच्या कापसाला हात लावलेल्या मुलांच्या नखांच्या कडा बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी सोललेल्या असतात आणि पट्टीच्या कडेला लागलं की चरचरतं. वर्गाआधीचे चार-पाच दिवस त्यांना वेचणीतून सुट्टी द्या, रात्री बोटांना खोबरेल लावा. सकाळी मात्र हात कोरडे हवेत.

हिवाळ्यात सकाळच्या एसटीनं आलेल्या मुलांची बोटं गार पडलेली असतात. गार बोटं पळत नाहीत. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, हात त्यात धरा, पुसा, मग पाच मिनिटं टेबलावर बोटं चालवा. संत्री डब्यात असतील तर वाजवून झाल्यावर खा. सालीचं तेल आणि रस पट्ट्यांना चिकटतो आणि पुढच्या मुलाला त्रास होतो.

कपडे खांद्यात मोकळे असावेत. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

बाकावर बसल्यावर

नाव सांगा, रचनेचं नाव सांगा, बाक स्वतःच्या उंचीनं पुढेमागे करा. मुलं संकोचानं आधीच्या मुलाच्या उंचीवर तशीच बसतात. बाक लावायला अर्धा मिनिट घेतला तर कुणी रागावत नाही, उलट हे मूल शिकलेलं आहे हे पाहुण्यांना तिथेच कळतं. मग दोन श्वास, मनात पहिल्या दोन बारची लय म्हणा आणि सुरू करा. मधे चुकलं तर थांबायचं नाही.

पुढे काय होतं ते एका वर्गातल्या उदाहरणानं सांगते. पांढरकवड्याकडची सातवीतली मुलगी, तोच मिन्युएट. उजव्या हाताचे पहिले दोन बार सरगममध्ये असे: प सा रे ग म, प सा सा. पुढचे दोन: ध म प ध नी, सां सा सा. तीन मात्रांचा बार आहे, आपल्या दादऱ्याचा अर्धा. तिनं सगळं बिनचूक वाजवलं. पाहुण्या मॅडम म्हणाल्या, “छान. आता उजवा हात मांडीवर. फक्त डावा वाजव.” तिनं वाजवलं. “गातेस?” “हो मॅडम, भजन म्हनतो आमी.” “मग डावा गा आणि उजवा वाजव.”

डाव्या हातात काय आहे? खालचा सूर सा, रे, मग ग, मग म, आणि तसाच उतरत ग, रे, सा. सहा बारांत एकदा चढून उतरतो. मुलगी हे महिनोन्‌महिने वाजवत होती, पण उजवीकडच्या पळत्या सुरांखाली एक सावकाश चढणारी ओळ आहे हे तिला गाताना पहिल्यांदा ऐकू आलं. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा तिच्या डाव्या हाताला दिशा आली होती.

मग मॅडमनी दुसऱ्या बारमधले दोन सा धरले. प, सा, सा, तिन्ही सारख्याच जोरानं येत होते. त्यांनी तिच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि सांगितलं, की प वर हात खाली जाऊ दे आणि दोन्ही सा मनगट वर निघताना वाजव. पाच-सहा वेळा झालं नाही. सातव्या-आठव्या वेळी झालं आणि सभागृहात सगळ्यांना कळलं, कारण त्या दोन सुरांनी बार हलका झाला, नाचाचा झाला. मिन्युएट हा नाचच आहे. अर्धा तास मिळून काम झालं ते सहा बारांवर. बाकी रचना नंतर तिनं एकदा सलग वाजवली, आणि कुणी काही न सांगता पुढचे सगळे जोडसूर तिनं तसेच हलके केले.

मुलांना एवढंच सांगून ठेवा. पाहुण्यांनी थांबवलं म्हणजे चुकलं असं समजू नये. “समजलं का?” असं विचारल्यावर समजलं नसेल तर “पुन्हा दाखवता का?” म्हणावं. आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारणं मुलांना अवघड जातं, म्हणून हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून घ्या. मराठीत बोलायला लाजू नये. पाहुणे मराठी नसतील तर भाषांतराला कुणीतरी असतंच, नसेल तर शिक्षकानं शेजारी उभं राहावं.

पालकांनी खुर्चीतून खुणा करू नयेत. मुलाची नजर सारखी तिकडे जाते.

ऐकणाऱ्यांनी दुसऱ्याच्या रचनेची प्रतही मागून घ्यावी आणि पाहुण्यांनी जिथे थांबवलं तिथे पेन्सिलीनं खूण करावी. आधी कसं वाजलं आणि नंतर कसं, एवढं दोन शब्दांत लिहिलं तरी पुरे. रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारा.

गावात असा वर्ग घ्यायचा असेल तर

महिना डिसेंबर किंवा जानेवारी धरा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा ओली असते. पियानोचा ध्वनिफलक लाकडाचा, तो पावसाळ्यात फुगतो आणि सूर चढतात, उन्हाळ्यात सुकतो आणि सूर उतरतात. अप्राइट पियानोचं वजन २०० किलोच्या आसपास किंवा वर, आत सुमारे २३० तारा आणि त्यांचा एकत्रित ताण १५ टनांहून जास्त. नागपूरहून टेम्पोत घालून आणला तर तो चार दिवस आधी आणा, ठेवल्या जागी स्थिरावू द्या आणि मग ट्यूनर (तारांचे सूर लावणारा कारागीर) बोलवा. एवढा खर्च झेपत नसेल तर हातोडीसारखं वजन असलेल्या ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो भाड्यानं घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी तोच घ्या. सोबत इन्व्हर्टर हवाच, लाइन गेली तर वर्ग थांबतो. पेडल (पायानं दाबायची पट्टी) जोडून मग वीज सुरू करा आणि सुरू होताना पेडलवर पाय नको, नाहीतर बऱ्याच वाद्यांवर ते उलटं चालतं.

मंगल कार्यालयाचा हॉल घुमतो. जमिनीवर सतरंज्या, मागच्या भिंतीला गाद्या टेकवल्या की आवाज आवरतो. पत्र्याचं छत टाळा. सकाळच्या तीन तासांत पाचच मुलं घ्या, आठ घेतली तर कुणाचंच काम होत नाही. मानधन, प्रवास, राहणं, जेवण हे पाहुण्यांशी आधी स्पष्ट बोलून घ्या.

घरी आल्यावर

त्याच रात्री, जेवणाआधी, मुलानं आठवेल ते वहीत उतरवावं. परतीच्या एसटीत लिहिता आलं तर उत्तमच. मग त्यातल्या दोनच गोष्टी निवडायच्या आणि आठवडाभर फक्त त्यांवर काम करायचं. दुसऱ्या दिवशी सगळी रचना भराभर वाजवली की जुना हात परत येतो.

कधी पाहुण्यांनी सांगितलेलं बोटांचं अंकन (कोणत्या सुराला कोणतं बोट) गावातल्या सरांनी सांगितल्यापेक्षा वेगळं निघतं. मूल कात्रीत सापडतं. म्हणूनच शिक्षकांनी वर्गाला हजर असावं, आणि नसतील तर मुलानं दोन्ही तऱ्हा त्यांना वाजवून दाखवाव्यात. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात, हाताच्या आकारावर ठरतं. लहान हाताला जे सोसतं ते ठेवा.

पंधरा दिवसांनी मोबाइलवर पुन्हा एकदा रेकॉर्ड करा आणि वर्गाआधीच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐका. मग पुढची रचना घ्या. मिन्युएट वाजवलेल्यांसाठी ती त्याच वहीत शेजारी आहे: पेत्सोल्टचाच जी मायनरमधला मिन्युएट. सा तोच, पांढरी पाच, पण ग, ध, नी कोमल होतात. हे दोन्ही जोडीनं वाजवायची पद्धत आहे, आधी मेजर, मग मायनर, मग पुन्हा मेजर.